‘भांडवल’ या शब्दाविषयी

नमस्कार.

माळवदाच्या, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छताच्या, घरावरील माझ्या कथेवरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. भाद्रपदातल्या प्रसंगात मी हुरडा भाजायला लावला, ही चूक आपण दाखवलीत. हुरडा मार्गशीर्ष-पौषातला, चूक मान्य आहे आणि ती दुरुस्त केली आहे. परंतु ‘लहानपणीच्या पडक्या घराचे भांडवल आणखी किती दिवस करणार?’ हे वाक्य आपण ज्या सुरात लिहिले आहे, त्या सुरात अनोळखी माणसाशी बोलण्याची आमच्याकडे रीत नाही.

ज्याला आपण पडके म्हणता, ते १९९३ पर्यंत नांदते घर होते. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास भूकंपात दोन हात रुंदीच्या, दगड-मातीत रचलेल्या भिंती कोसळल्या आणि ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या बैठकीत, निजलेले माझे चुलत आजोबा त्यांखाली गेले. आम्ही मधल्या खणात होतो. तेथे लाकडी खांबांनी माळवद पेलून धरले, म्हणून अकरा वर्षांचा मी वाचलो. ऐन वैशाखात गारवा देणारी भिंत आणि दरवर्षी पावसाळ्याआधी आम्हीच वर पसरलेली पांढरी माती माणसे मारते, हे ज्याने पाहिले आहे, त्याच्या कथेत भिंत देखाव्यापुरती कशी राहील? त्यानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो, पण आजी ती सारी थंडी उघड्यावरच निजली. याला आपण भांडवल म्हणता.

आठवणी जशाच्या तशा उतरवल्या आहेत असे आपणास वाटले असेल, तर कथा आपण घाईत वाचली असावी. आमच्या बळदात, म्हणजे धान्याच्या कोठारात, ज्वारी असे, त्यात कधी कोणी लपले नाही. कथेतली मुलगी लपते, कारण ढाळजेतली पुरुषांची बोलणी आतल्या बायकांना ऐकू येत, पण त्यांत शब्द घालण्याची त्यांना मुभा नसे. तिच्या लग्नाचा सौदा तिने अंधारात, धान्यात गुडघ्यापर्यंत रुतून ऐकावा, हे मला त्या घराच्या रचनेवरूनच सुचले. फ्लॅटच्या हॉलमध्ये ही कथा घडूच शकत नाही.

बोलीविषयीचे आणि लांबीविषयीचे आपले आक्षेप आवडीनिवडीचे आहेत. त्यांवर लिहीत बसत नाही. पुढची कथाही त्याच घरात घडते. ती आपण वाचावी, असा माझा आग्रह नाही.