खुलासा : आपल्या रानातलं अस्वल संपलेलं नाही

‘दाजीपूरचं अस्वल नामशेष झालं’ असा मेसेज कोल्हापुरात फिरतोय. तो चुकीचा आहे. अस्वलाची ही जात (इंग्रजीत स्लॉथ बेअर) पूर्ण नाहीशी झाली ती बांगलादेशातून. राधानगरी अभयारण्यात (दाजीपूरचं जंगल त्यातलंच), चंदगड-आजऱ्याच्या रानात हे अस्वल आजही आहे. बहुतेक रात्रीच हिंडतं, म्हणून दिसत नाही एवढंच. खुणा मात्र सापडतात: नखांनी उकरलेलं वारूळ, जांभळाच्या बियांनी भरलेली विष्ठा. वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी अक्षरशः ओढून घेतं आणि तो आवाज लांबवर ऐकू येतो. जंगल तुटतंय तशी त्याची संख्या घटतेय, ही काळजी खरी. पण ‘संपलं’ समजून पहाटे काजूच्या बागेत एकट्यानं, गुपचूप शिरू नका. बोलत, काठी आपटत जा.