फाटक नाही म्हणजे विश्वास आहे, हे कोणी ठरवलं?

आज पुन्हा तो व्हिडिओ फिरत आला. जर्मनीतलं मेट्रो स्टेशन, फाटक नाही, टीसी नाही, माणसं सरळ चालत जाऊन गाडीत बसतायत. खाली आपल्या मंडळींच्या टाळ्या: "काय ती प्रामाणिक माणसं! याला म्हणतात संस्कार!" एरवी अंगठा वर सरकवून पुढे गेलो असतो. पण आजच जर्मनीतल्याच एका ट्राममध्ये आपल्याकडचा एक पोरगा, नुकताच शिकायला आलेला, हातात तिकीट असताना ६० युरोंना बुडाला. तिकीट रीतसर पैसे टाकून काढलेलं. त्यावर शिक्का नव्हता, एवढंच.

तर हा विश्वास चालतो कसा ते ऐका. टीसी असतात, आणि बऱ्याचदा साध्या कपड्यांत. जीन्स, जॅकेट, पाठीवर सॅक. दोघं-तिघं वेगवेगळ्या दारांनी चढतात, दारं बंद होईपर्यंत खिडकीबाहेर बघत उभे राहतात, गाडी हलली की खिशातून ओळखपत्र काढतात. तोवर उतरायचा रस्ता बंद. विश्वास असता तर एवढं नाटक कशाला लागलं असतं?

आता शिक्का. अनेक शहरांत मशीनमधून निघणारं कागदी तिकीट कोरं असतं; वेगळ्या छोट्या यंत्रात सरकवून त्यावर तारीख आणि वेळ उमटवायची, मग ते चालू होतं. बर्लिनच्या ऊ-बान (मेट्रो) आणि एस-बानला (उपनगरी लोकल) हे यंत्र फलाटावर, ट्राम-बसला गाडीच्या आत. म्युनिकला ऊ-बानच्या फलाटावर उतरण्याआधीच, जिन्याच्या तोंडाशी. हांबुर्गला ही भानगडच नाही, काढलं की लागू. म्हणजे एका शहरात अंगवळणी पडलेली सवय दुसऱ्या शहरात दंड भरायला लावते. त्या पोराने तिकीट काढलं, नीट पाकिटात ठेवलं आणि बसला. यंत्र त्याच्या सीटपासून दोन हातांवर होतं. "दादा, हे तिकीटच आहे ना?" हा त्याचा प्रश्न, आणि टीसी तोवर पावती लिहायला लागलेला.

कोरं तिकीट टीसी दिसेपर्यंत राखून ठेवता येतं, म्हणून नियम कडक, हे कबूल. पण जो माणूस विचारल्याबरोबर स्वतःहून तिकीट पुढे करतो, तो राखून ठेवणारा दिसतो का?

आणि हो, फाटकं नसल्याची सोय मोठी आहे. बाबागाडी, व्हीलचेअर, सायकल कुठे अडकत नाही, ट्रामला सगळ्या दारांनी चढता येतं, थांब्यावर खोळंबा नाही. बरं. मग सोय म्हणा ना! संस्कार कसले त्यात?

खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. विनातिकीट प्रवास हा तिथे नुसता दंडाचा मामला नाही, फौजदारी गुन्हा आहे: दंडसंहितेचं कलम २६५अ, १९३५ साली, म्हणजे नाझी राजवटीत आलेलं, कमाल शिक्षा एक वर्ष कैद. सहसा वारंवार सापडल्यावरच तक्रार होते. मग कोर्ट दंड ठोठावतं, आणि तो भरता आला नाही की बदल्यात तुरुंग. तिथे जाऊन पडतात ते बेघर, कर्जात बुडालेले, व्यसनात अडकलेले. अशांचे दंड भरून त्यांना सोडवायला २०२१ मध्ये 'फ्रायहाइट्सफाँड्स' नावाचा निधी उभा राहिला. २०२४ पासून कैदेचे दिवस निम्म्यावर आणले, पण कलम तसंच राहिलं. हे कुठल्या व्हिडिओत दाखवतात?

जाऊ दे. त्या पोराचा चेहरा बघून राग निम्मा उतरला होता; पहिल्या महिन्यात ६० युरो म्हणजे त्याचा दोन आठवड्यांचा किराणा गेला असेल. तुमच्यापैकी कोणाची मुलं जात असतील तर हे एवढं त्यांच्या कानावर घाला.

कोरं कागदी तिकीट असेल तर ट्राम-बसमध्ये चढल्या चढल्या शिक्का, ऊ-बान आणि एस-बानला चढण्याआधीच, मग जागा शोधायची. शिक्का पुसट उमटला तर लगेच फोटो काढायचा, दुसरं यंत्र असेल तर तिथे मारायचा. मोबाइलवरचं तिकीट चढण्यापूर्वी घ्यायचं. त्यात खरेदीची वेळ असते, टीसी दिसल्यावर घेतलेलं त्याला लगेच कळतं. स्क्रीनशॉटवर विसंबू नका. फोनची बॅटरी संपली तर ती तुमची जबाबदारी, त्यांची नाही.

बर्लिनला उतरणाऱ्यांसाठी खास: भाड्यासाठी ए, बी, सी असे झोन आहेत; विमानतळ सी झोनमध्ये आहे, एबीचं तिकीट तिथे चालत नाही. एबीसी घ्या, किंवा एबीचा पास असेल तर सी पुरतं जोडतिकीट. एकेरी तिकीट दोन तास चालतं, पण एकाच दिशेने. त्याच तिकिटावर परत फिरलात तर विनातिकीट. आणि स्वस्तातलं 'कुर्त्स-श्ट्रेके', म्हणजे जवळच्या अंतराचं तिकीट, ऊ-बान किंवा एस-बानने तीनच थांबे, बस-ट्रामने सहा, आणि बस-ट्रामला तेही गाडी न बदलता. डुलकी लागून एक थांबा पुढे गेलात की संपलं.

राहायलाच जाणार असाल तर सरळ डॉइचलँड-टिकेट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास. २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोंना आलं, २०२५ ला ५८, २०२६ ला ६३. शिक्का नको, झोन नको, देशभरातल्या लोकल आणि प्रादेशिक गाड्या. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत मात्र चालत नाही. ते नावावर असतं, म्हणून फोटोचं ओळखपत्र जवळ हवंच. महिन्याचं वर्गणीचं खातं आहे, दहा तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापलेच. विद्यार्थ्यांनी आधी विद्यापीठाच्या सेमिस्टर फीत हे तिकीट आहे का ते बघावं, उगाच दोनदा भरू नये.

पकडलेच गेलात तर वाद घालू नका, पळू तर नकाच. पोलीस येईपर्यंत ते थांबवून ठेवू शकतात. पावती घ्या, गाडीचा क्रमांक, थांबा, वेळ लिहून ठेवा, तिकीट फेकू नका. नावावरचा पास घरी राहिला असेल तर आठवड्याच्या आत कार्यालयात दाखवा, ६० चे ७ युरो होतात. त्या पोरासारखं कोरं तिकीट असेल तर ही सवलत नाही, पण तिकिटाची प्रत जोडून लेखी हरकत घ्यायला पैसे पडत नाहीत. नवखे आहात हे बघून कधी कधी सोडतात, कधी कधी नाही. पावतीवरची मुदत मात्र चुकवू नका, नाहीतर वर वसुलीचा खर्च चढतो.