घोडवेल उपटायची का? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची कॉमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की मी ज्या घोडवेलीचं कौतुक केलं ती म्हणजे अमेरिकेत झाडंच्या झाडं झाकून टाकणारी कुडझू, आणि नॅशनल पार्कात रविवारी पोरं जमवून ती उपटून काढली पाहिजे. तुम्हाला जंगलाची काळजी आहे म्हणूनच लिहिलंत हे कळतं, पण प्लीज असं करू नका.

कुडझू ही घोडवेलीची चुलत बहीण, घोडवेल नव्हे. कुडझू मूळची पूर्व आशियातली, १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जपानने नेली, पुढे १९३० नंतर अमेरिकेच्या सरकारनेच मातीची धूप थांबावी म्हणून शेतकऱ्यांना लावायला लावली आणि मग ती कोणाला आवरेना. आपली घोडवेल इथलीच. साग, ऐन, पळस असलेलं पानगळीचं डोंगरउताराचं जंगल हेच तिचं घर, येऊरला बघा, तुंगारेश्वरला बघा. पावसाळ्यात झाडांवर चढते, उन्हाळा जवळ आला की पानं गाळते आणि शिमग्याच्या आसपास त्या उघड्या वेलीवर निळ्या-जांभळ्या फुलांचे तुरे लागतात, मला तर तेव्हा दुसरं काही दिसतच नाही! मग वेल सुकली, वणवा लागला तरी जमिनीखाली कंद शाबूत असतो आणि पावसात परत फुटतो.

तो कंद म्हणजेच विदारीकंद, च्यवनप्राशात घालतात तो. खरा धोका इथेच आहे, कारण कंद अख्खा खणून काढला की ती वेल संपली. म्हणजे तुमची पोरं जे चांगल्या मनाने करणार तेच कंद विकणारा पैशासाठी करतो, आणि वेलीला दोन्ही सारखंच. शिवाय नॅशनल पार्कातून परवानगीशिवाय काही उपटणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही.

हात लावायचाच तर घाणेरी आणि रानमोडी आहेत, दोन्ही बाहेरून आलेल्या आणि खाली दुसरं काही उगवू देत नाहीत, वनखात्याला विचारून ते काम काढा, मी नक्की येईन. आणि तुम्ही पाहिलेल्या वेलीचा फोटो टाका ना. पळसासारखी तीन-तीन पानं, केसाळ चपट्या शेंगा आणि फुलं मार्चमध्ये बिनपानाच्या वेलीवर असतील तर ती घोडवेलच. कुडझूला फुलं येतात तेव्हा ती पानांनी गच्च भरलेली असते.