माउस कोणाच्या हातात?

आमच्या लॅबमध्ये मदतनिसांसाठी एकच कडक नियम आहे: विद्यार्थ्याच्या माउसला हात लावायचा नाही. पोरगा कितीही अडला, मागे रांग लागली, लॅब बंद व्हायला पाच मिनिटं उरली, तरी आपले हात मागे. विचारायचं, समजावून सांगायचं, फार तर पडद्यावर बोट दाखवायचं. क्लिक त्यानेच करायचं.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात याकिमा नावाचं खोरं आहे, तिथल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी संध्याकाळची ही ड्यूटी करते. सफरचंद, चेरी आणि बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सचा हा मुलूख. पाऊस कमी, बहुतेक शेती कालव्याच्या पाण्यावर. माझं गाव वरूड तालुक्यातलं, संत्र्याच्या पट्ट्यातलं, त्यामुळे बहराच्या, भावाच्या, मजुराच्या गोष्टी इथेही ओळखीच्याच वाटतात. लॅबमध्ये येणारी निम्मीअधिक पोरं बागेत फळं तोडणाऱ्या आईबापांची. घरी स्पॅनिश बोलणारी, कॉलेजात जाणारी घरातली पहिलीच. त्यांना पाहिलं की मला मोर्शी-वरूडच्या एसटीत उभ्याने कॉलेजला जाणाऱ्या आपल्या पोरी आठवतात.

गावाकडे सध्या वाद रंगलाय. आमच्या घरच्या ग्रुपवर आणि ओळखीच्या मास्तर मंडळींशी फोनवर मी तो रोज ऐकते. एक बाजू म्हणते, खेड्यातल्या कॉलेजात आता एआयच शिकवा, बाकीचं जुनं झालं. दुसरी म्हणते, आधी इंग्रजी येऊ द्या, मग कंप्युटरचं पाहू. तिसरी बाजू वैतागलेल्यांची आहे. प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती, सातबारा, पीकपाहणी सगळंच ऑनलाइन करून गरिबाचा जीव टांगणीला लावला, त्यापेक्षा कागद बरा, असं ते म्हणतात. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण दिवाळीच्या सुमारास माझ्या भाचीचं जे झालं, ते या तिन्हींत कुठेच बसत नाही.

भाची बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म दोनदा परत आला. दोन्ही वेळा ती तालुक्याला गेली, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रात रांगेत उभी राहिली, पैसे दिले आणि परत आली. दिवसाची मजुरी बुडवून माझा भाऊही सोबत गेला. तिसऱ्यांदा जायच्या आदल्या रात्री तिने मला व्हिडिओ कॉल केला.

"आत्या, थो केंद्रातला भाऊ म्हणते फाइल मोठी हाये. मले तं काहीच समजत नाही. एकच कागुद हाये न, मोठा कसा होईन?"

प्रश्न अगदी रास्त होता. उत्पन्नाचा दाखला एक पानी. पण तिने त्याचा मोबाईलवर फोटो काढला होता. साध्या बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात तो फोटो म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, आकड्याला एक बाइट. ३ कोटी ६० लाख बाइट झाले, म्हणजे ३६ एमबी. फोन ते दाबून तीन-चार एमबीवर आणतो. दाबतो म्हणजे काय करतो, ते तिला जिनिंगच्या भाषेत सांगितलं. कापसातून आधी सरकी काढतात, मग रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात. फोटोतही डोळ्याला जाणवत नाही असा बारकावा आधी काढून टाकायचा, उरलेलं दाबून बांधायचं. फरक इतकाच की इथे काढलेली सरकी परत मिळत नाही, म्हणून मूळ फोटो जपून ठेवायचा.

मग तिने स्वतः फोटो उघडला. दाखल्याभोवती निम्मी चटई आली होती, ती कापली. लांबी-रुंदी दोन्ही अर्ध्या केल्या. फाइल निम्मी होईल असा तिचा अंदाज होता, झाली त्याहून कितीतरी लहान. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हां! वावराच्या दोन्ही बाजू अर्ध्या केल्या तं पाव वावर ऱ्हायते न, तसंच."

मी हे तिला सांगितलं नव्हतं. ते तिला तिथेच, त्या रात्री, स्वतःच्या बोटांखाली समजलं. आता फाइल कुठलीही असो, माप कितीही दिलेलं असो, ती अडणार नाही.

अडचण पुढे होती. फॉर्म उघडायला पासवर्ड लागतो आणि पासवर्ड तिच्याकडे नव्हताच. तो केंद्राच्या वहीत लिहिलेला होता. ओटीपी ज्या नंबरवर यायचा तो नंबरही केंद्रचालकाचा. त्या भाऊला मी दोष देत नाही. दिवसाला तीस-चाळीस फॉर्म, मध्येच लाइट जाते, समोर कावलेली गर्दी. पोरीला शिकवत बसला तर त्याचा धंदा कसा चालेल? पण वीस वर्षांची, मतदानाचा हक्क असलेली मुलगी स्वतःच्याच अर्जासाठी त्याच्या खुर्चीमागे उभी राहते आणि त्याच्या हातातला माउस कुठे फिरतो ते पाहते, ही गोष्ट काही केल्या माझ्या मनातून जात नाही. तिच्याकडे कंप्युटर कोर्सचं प्रमाणपत्र आहे. लॅमिनेशन करून ठेवलेलं.

इथे येऊन मला या दुखण्याचं नाव कळलं. १९९९ साली अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या एका समितीने अहवाल दिला होता. समितीचे अध्यक्ष लॉरेन्स स्नायडर, सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधले संगणकशास्त्राचे प्राध्यापक. साक्षरता वेगळी आणि सफाई वेगळी, असं या अहवालाचं म्हणणं. आजचं सॉफ्टवेअर चालवता येणं ही साक्षरता, ती सॉफ्टवेअरबरोबर शिळी होते. सफाईला तीन गोष्टी लागतात: आजची कौशल्यं, आतल्या मूळ कल्पना आणि विचार करायची काही सवय. त्या सवयींच्या यादीत उत्तर तपासून पाहणं आहे, बिघडलेलं निस्तरणं आहे, अनपेक्षित घडेल हे धरून चालणंही आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर हात बसला पाहिजे. भाकरी थापता येते म्हणजे पीठ कोणतंही असो, तवा कोणाचाही असो, भाकरी फुगते.

आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटी आहे. तो कोर्स स्वतःला संगणकसाक्षरतेचाच म्हणवतो आणि खेड्यापाड्यातल्या लाखो पोरापोरींच्या हातात पहिल्यांदा माउस त्यानेच दिला. हे ऋण मी मानते, मीही त्यांच्यातलीच एक. खंत वेगळी आहे. साक्षरतेनंतरची पायरी आपण बांधलीच नाही. पोरगी बाराखडी शिकली आणि पुढे वाचायला तिला पुस्तकच मिळालं नाही, तसं झालं.

माझ्या कॉलेजात संगणक कक्षाबाहेर चपला काढाव्या लागत. आत यंत्रांवर कापडी झाकणं, दाराला कुलूप. आठवड्याला एक तास, एका यंत्रापुढे चौघी, आणि कीबोर्ड नेहमी त्यातल्या धीट मुलीकडे. "काही दाबू नका, बिघडेल," हे वाक्य मी तीन वर्षं ऐकलं. ती भीती घेऊनच मी विमानात बसले. इथल्या पहिल्या नोकरीत कुणी पाहत नसेल तेव्हाच मी नवं बटण दाबून पाहायची.

अमेरिका म्हणजे स्वर्ग नव्हे, हेही त्याच टेबलावरून सांगते. परवाच एक मुलगा रडकुंडीला आला होता. रात्र जागून निबंध लिहिला, "सेव्ह" केला आणि आता सापडत नाही. कुठे सेव्ह केला विचारलं तर उत्तर, "कंप्युटरमध्ये." फोल्डर ही गोष्टच त्याला ठाऊक नव्हती. हातात फोन घेऊन वाढलेली ही पिढी, शोधलं की मिळतं एवढंच तिला माहीत. म्हणजे महागडा फोन आणि अखंड इंटरनेट असूनही सफाई आपोआप येत नाही, तिथेही नाही आणि इथेही नाही. फरक पडतो तो एवढाच की त्या मुलाला संध्याकाळी नऊपर्यंत उघडं दार होतं आणि त्याच्याऐवजी फाइल शोधून न देणारं एक माणूस होतं. पाऊण तास लागला. फाइल त्यानेच शोधली.

इंग्रजीच्या वादाबद्दल. इंग्रजी शिकावीच, तिच्यावाचून इथे माझं पान हललं नसतं. पण आधी इंग्रजी, मग कंप्युटर, हा क्रम मला पटत नाही. लांबी-रुंदी अर्धी तर ठिपके चौथाई, हे भाचीला वऱ्हाडीत समजलं. आपल्याकडच्या कचेऱ्यांत आणि कॉलेजांत अजूनही क्रुतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोटिसा फिरतात. ज्या यंत्रात तो फॉन्ट नाही तिथे उघडल्या की इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसते. का, ते किती विद्यार्थ्यांना सांगितलं जातं? त्या फॉन्टमध्ये आत साठवलेलं अक्षर इंग्रजीच असतं, वरून फक्त मराठी चित्र चढवलेलं. युनिकोड या सगळ्या भाषांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत मात्र मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे: 'अ' म्हणजे २३०९, 'क' म्हणजे २३२५, जगातल्या कुठल्याही यंत्रात तोच. यंत्राला अक्षर कळत नाही, आकडा कळतो, ही मूळ कल्पना शिकवायला आपल्या गावच्या नोटिशीइतकं चांगलं उदाहरण कुठे मिळणार?

एआयचंही थोडक्यात. भाचीने एकदा एआयला शिष्यवृत्तीची शेवटची तारीख विचारली. त्याने ठामपणे सांगितली, ती मागच्या वर्षाची निघाली. ते यंत्र पुढचा शब्द कोणता यायची शक्यता जास्त हे पाहून वाक्य जुळवतं, हे ठाऊक असलेली मुलगी तारीख मूळ जाहिरातीत ताडून पाहील. ठाऊक नसलेली एका केंद्रचालकाऐवजी दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभी राहील.

आणि कागद बरा म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की तुमचा राग खरा आहे, पण कागदाच्या काळातही अर्ज लिहून द्यायला कचेरीबाहेर अर्जनवीस बसलेलाच असायचा. आपण त्याच्यापुढे तेव्हाही उभेच होतो.

हाताने काम करता करता शिकणं ही कल्पना विदर्भाला बाहेरून आणायची गरज नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि त्यातून नयी तालीम उभी राहिली. शिक्षण हस्तोद्योगातून, वापराच्या वस्तू घडवत. तेव्हा टकळी होती. आज पोरीचा स्वतःचा फॉर्म, बापाचा सातबारा, संत्र्याच्या भावाचा तक्ता ही वापराचीच कामं आहेत. बीएच्या मुलीने वर्षभर घरच्या बागेचा खर्च आणि विक्री तक्त्यात मांडली, तर बेरजेचं सूत्रही येईल आणि व्यापाऱ्याने किती कापले तेही दिसेल.

म्हणून मी आणि आमच्या बॅचच्या सहा जणींनी आमच्या जुन्या कॉलेजला पत्र लिहिलंय. मागणी लहान आहे. संगणक कक्ष रोज संध्याकाळी पाच ते आठ उघडा ठेवा, महिन्याला २५ दिवस. तिसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थिनींना मदतनीस नेमा, माउसला हात न लावण्याच्या अटीवर. मुलींच्या परतीसाठी शेवटच्या एसटीची वेळ धरून वेळापत्रक ठरवा, नाहीतर ही सोय फक्त तालुक्याच्या गावात राहणाऱ्या मुलांची होईल. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाने स्वतःच्या नंबरवर, स्वतःच्या पासवर्डने आपली खाती उघडायची.

प्राचार्य फोनवर नीट बोलले. विजेच्या बिलाचं काय, हा त्यांचा पहिला प्रश्न. दहा यंत्रं, प्रत्येकी साधारण १०० वॅट, रोज तीन तास: महिन्याला ७५ युनिट. युनिटला बारा रुपये धरले तरी ९०० रुपये. ते आम्ही भरतो म्हटलं, मदतनिसांचं मानधनही. यंत्रं बिघडली तर? बिघडतील, दुरुस्तीचाही हिशेब पत्रात आहे. दुरुस्ती मुलींसमोर व्हावी एवढी विनंती.

आता राहिला प्रश्न कुलपाच्या चावीचा. चावी शिपायाकडेच राहील, असं कॉलेज म्हणतं आणि शिपाई साडेपाचला घरी जातो. आम्ही म्हणतो, ती मदतनीस मुलींकडे द्या. पुढच्या सोमवारी त्यांची बैठक आहे.