शब्द नको, अक्षर मागा

शब्दकोडं अडलं की मदत घेण्यात कमीपणा नाही. नाशिकमध्ये सकाळच्या चहाबरोबर कोडं घेऊन बसणारे थोडेथोडके नाहीत, आणि त्यातले बहुतेक कुणाला ना कुणाला विचारतातच. माझी तक्रार विचारण्याच्या पद्धतीबद्दल आहे. "काका, 'अर्जुनाचं एक नाव' सांगा ना" असं म्हटलं की काका अख्खा शब्द तोंडावर फेकतात आणि तिथेच खेळ खलास. विचारायचंच तर अक्षर विचारा.

मराठी कोड्यात एका अक्षराला फार वजन असतं. इंग्रजी कोड्याच्या एका घरात २६ पैकी एक अक्षर येतं. आपल्याकडे क ते ळ अशी ३४ व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी धरली तर ४०८ अक्षरं, वर स्वर आणि जोडाक्षरं. म्हणून एक अक्षर कळलं की बाकीचे पर्याय पटापट गळतात. अर्जुनाचंच बघा. दोन घरांत पार्थ आणि जिष्णू बसतात. तीन घरांत विजय, किरीटी, फाल्गुन. चार घरांत धनंजय, सव्यसाची, गुडाकेश. चारवाल्यांचं दुसरं अक्षर नं, व्य किंवा डा. मग प्रश्न असा हवा: "७ आडवे, अर्जुन, चार अक्षरी. दुसरं जोडाक्षर आहे का?" उत्तर हो किंवा नाही. पुढचं डोकं आपलं आपण चालवायचं.

हे जमायला घरं नीट मोजता आली पाहिजेत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, विसर्ग, रफार हे सगळं आपल्या अक्षराबरोबर एकाच घरात. दुःख दोन घरांचं, धर्म दोन, क्षेत्र दोन. साल्हेर तीन, सप्तशृंगी चार, ब्रह्मगिरी चार आणि त्र्यंबकेश्वर, एवढं लांबलचक दिसत असलं तरी, फक्त पाच. शिरवाडकर मात्र सहा, त्यात एकही जोडाक्षर नाही. 'उलट' असं लिहिलेला क्लू आला की अक्षरं उलटायची, मात्रा सुटी करायची नाही. नदी उलटली की दीन होते.

आता ऱ्हस्व-दीर्घ. आडवा शब्द रि मागतो आणि उभा री, इथे बरेच जण कोडं टाकून देतात. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम इथे सरळसरळ मदतनीस म्हणून वापरता येतात. शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ: कवी, रवी, पशू, गुरू. पण तोच तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, शब्द समासात आधी आला की ऱ्हस्व: रविवार, गुरुवार. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ: गरीब, वकील, माणूस. शेवटचं दीर्घ असेल तर आधीचा ऱ्हस्व: विळी, सुरी, पिसू, महिना. तत्सम शब्द हा उपान्त्याचा, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराचा, नियम पाळत नाहीत, त्यामुळे मंदिर आणि अनिल ऱ्हस्वच, पूजा आणि नीती दीर्घच. विशेषनामांचाही भरवसा नाही. आपलं नाशिकच बघा, शि ऱ्हस्व. एवढं डोक्यात असलं तर निम्म्या वेळा मात्रा विचारावीच लागत नाही.

कोडं रचणाऱ्यांचा सगळ्यात लाडका माल म्हणजे संस्कृत समानार्थी शब्द, आणि त्यातही पाणी, कमळ, ढग, समुद्र. ही यादी घोकायची गरज नाही. पाण्याचे पाच शब्द घ्या: जल, नीर, अंबु, तोय, वारि. पुढे ज लावला तर पाण्यात जन्मलेलं, म्हणजे कमळ. द लावला तर पाणी देणारा, म्हणजे ढग. धी लावला तर पाण्याचा साठा, म्हणजे समुद्र. जलज, जलद, जलधी. अंबुज, अंबुद, अंबुधी. वारिज, वारिद, वारिधी. पंकज, सरोज, राजीव यांसारखी कमळं या साच्याबाहेरची, ती वेगळी लक्षात ठेवावीत.

आता गंमत बघा. 'ढग, तीन अक्षरी' असा क्लू आहे आणि शेवटचं अक्षर द आलंय. लोक खूश होतात. पण त्या द चा काही उपयोग नाही, कारण जलद, नीरद, अंबुद, तोयद, वारिद सगळेच द वर संपतात. मधलं अक्षर मात्र प्रत्येकाचं वेगळं आहे: ल, र, बु, य, रि. म्हणजे मधल्या घरातून जाणारा उभा शब्द आधी सोडवायचा, आणि विचारायचंच तर त्या उभ्या शब्दाबद्दल. अडलेल्या शब्दाबद्दल न विचारता त्याला छेदणाऱ्या शब्दाबद्दल विचारणं, हे जमलं की मदत घेऊनही कोडं आपलंच राहतं. णे वर संपणाऱ्या क्रियापदांचंही तसंच. क्लू 'फसवणे' असेल तर शेवटच्या घरात णे पेन्सिलने हलकेच लिहून टाका, विचारायचं ते पहिल्या अक्षराचं. क्लू अनेकवचनी असेल तर उत्तरही अनेकवचनी, हे तर सांगायलाच नको. तरी सर्रास चुकतं.

पेन्सिलच का? वर्तमानपत्राच्या कागदावर जेल पेनची शाई फुटते आणि खोडताही येत नाही. टोकदार एचबी पेन्सिल बरी. आणि वाचनालयातल्या अंकावर तर काहीच लिहू नका. कोड्यासाठी अंक उघडावा आणि कुणीतरी ते अर्धवट, तेही चुकीचं भरून ठेवलेलं असावं, यासारखा संताप नाही. फोटो काढा, घरी चौकटी आखा.

कोश बघणं ही माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक मदत. पण छापील कोश पहिलं अक्षर माहीत असेल तरच कामाचा. शेवटचं एकटं अक्षर हातात घेऊन दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग चाळणार कोण? शिवाय क्ष आणि ज्ञ कुठे शोधायचे हे कोशागणिक बदलतं. काहींत ळ नंतर शेवटी, काहींत क आणि ज च्या पोटात. एका जागी मिळालं नाही तर दुसरीकडे बघा. अर्थावरून उलटं शोधायचं असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश कामाला येतो. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे दोन्ही फुकट आहेत, आणि तिथे नोंदींच्या आतल्या मजकुरातही शोधता येतं. इंग्रजीत 'लोटस' टाइप केलं की कमळाच्या नोंदी समोर येतात. एकच सावधगिरी: मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची, लेखन जुनं. तिथे कवि दिसेल, कोड्यात कवी भरायचा.

पुराणातली नावं अडली तर चित्रावशास्त्र्यांचा प्राचीन चरित्रकोश, बाकी सामान्यज्ञानाला मराठी विश्वकोश, जो मोबाइलवरही वाचता येतो. असले जाडजूड कोश घरी घ्यायची गरज नाही. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय ज्या गावात आहे तिथे तरी नाहीच नाही.

मोबाइलमधल्या कोडं सोडवून देणाऱ्या साधनांवर माझा फारसा विश्वास नाही. बरीचशी इंग्रजीसाठी बनलेली, ती मराठी अक्षरं चुकीची मोजतात. संगणकाच्या लेखी साल्हेर सात चिन्हांचा शब्द: स, काना, ल, हलन्त, ह, मात्रा, र. आपल्याला हवी तीन घरं. चॅटबॉटचीही तीच रड. 'चार अक्षरी' असं बजावून सांगितलं तरी तो बिनदिक्कत पाच अक्षरी शब्द देतो, कारण मजकूर तो तुकड्यांत वाचतो आणि ते तुकडे आपल्या अक्षरांशी जुळतीलच असं नाही. वापरायचाच तर अक्षरसंख्या सांगूच नका. दहा समानार्थी शब्द मागा, घरं आपण मोजा, आणि जो बसेल तो कोशात आहे का ते बघा. नसलेले शब्दही तो आत्मविश्वासाने देतो.

व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारताना भरलेल्या कोड्याचा फोटो टाकू नका, कुणीतरी उत्साही माणूस राहिलेलं सगळं भरून परत पाठवतो. अडलेली एकच ओळ लिहा: क्रमांक, आडवा की उभा, घरं किती, कुठली अक्षरं आली आहेत, आणि त्यातली पक्की कुठली. हे शेवटचं फार महत्त्वाचं. तुमचं एक अक्षर अंदाजाने भरलेलं असेल आणि ते सांगितलं नाही, तर समोरचा बरोबर उत्तर सुचलं तरी बसत नाही म्हणून सोडून देतो.

जिल्ह्यातली नावं आली तर आपल्याला घरचं मैदान. तरीही घाई नको. तीन घरांत येवला बसतं तसं येवलेही बसतं. सप्तशृंगीतला शृं अनेकजण श्रृं लिहितात. फाळके तीन घरांचे, कानेटकर पाच, लासलगाव पाच.

एवढं सगळं करूनही दोन शब्द जुळले नाहीत तर चूक तुमचीच असेल असं नाही. काही रचणारे रि आणि री एकच धरतात. त्यांची सवय ओळखायला एकाच वर्तमानपत्राची आठवडाभराची उत्तरं कापून ठेवा आणि छेदांवरच्या वेलांट्या तपासा, दोन-चार ठिकाणी तरी कळतंच. छपाईतही घोळ होतात. एखादं काळं घर पांढरं छापलं जातं किंवा क्लूचा क्रमांक सरकतो. ओळखायची खूण अशी: आकृतीत जितके आडवे आणि उभे शब्द सुरू होतात तितके क्लू खाली आहेत का, ते मोजा. आकडा जुळला नाही तर कुणालाही न विचारता अंक बाजूला ठेवा आणि उद्याच्या उत्तराची वाट बघा.