आमच्या सोलापुरात लाट म्हणजे उन्हाचीच

वर्तमानपत्रांतल्या 'लाट' या शब्दावरचा तुमचा लेख आवडला, पण तो निवडणुकीतल्या लाटेवरच थांबला: १९७७ ची जनता लाट, १९८४ ची सहानुभूतीची लाट. पेपरांच्या जुन्या अंकांत हा शब्द कितीतरी ठिकाणी सापडतो. आमचे वडील यंत्रमागावरून आले की पेपर मोठ्याने वाचायचे. 'शहरात संतापाची लाट', 'आनंदाची लाट' आणि थंडी पडली की 'उत्तरेकडून थंडीची लाट'. तोच पेपर रेडिओबद्दल लिहिताना मात्र 'लघुलहरी', 'मध्यमलहरी' म्हणायचा. लाट अंगावर येते, लहर हवेतून जाते. हा फरक त्या उपसंपादकांना पक्का ठाऊक होता. इंग्रजी अमदानीतला 'लाटसाहेब' तर वेगळाच, तो लॉर्डवरून आलेला.

माझा खरा मुद्दा उष्णतेच्या लाटेचा. हवामान खात्याच्या हिशेबाने सपाट प्रदेशात पारा किमान ४० वर आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त हवा, नाहीतर थेट ४५ हवा. सोलापुरात मे महिन्यात सरासरीच चाळिशीच्या आसपास. म्हणजे ४३ झाले, दारावर ओली चादर टाकून माणसं फरशीवर पडली, तरी कागदावर लाट नाही! जुने बातमीदार अशा दिवशी बिनदिक्कत 'उष्णतेची लाट' लिहीत. नियमात ते बसत नसेल, पण दुपारी मागावर उभ्या माणसाला तेच खरं वाटायचं. यावरही सविस्तर लिहा, ही मनापासून विनंती.