बडोद्यालाही या!
मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखिका शाळाशाळांतून जाऊन मुलांना लिहितं करतात, हे वाचून फार बरं वाटलं. आमच्या बडोद्यालाही त्यांनी जरूर यावं. सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, ते हे गाव.

माझी नात चौथीत, गुजराती माध्यमात. घरात मराठीच बोलते, पण लिहिताना अक्षरांवर रेघ द्यायची राहूनच जाते, गुजरातीत ती नसते ना! परवा वहीत लिहिलं होतं, 'आजी पोळी लाटते तेव्हा बांगड्या पोळीशी बोलतात.' मी आधी रेघा काढायला लावल्या, वाक्याचं कौतुक राहिलंच. अजून चुटपुट लागली आहे. अशा मुलांचं वाक्य आधी वाचणारं कुणीतरी हवं हो!